कोण सुटली?

"सोडियम एकशे आठ आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी दचकायला हवं होतं बहुतेक. पण एकशे आठ म्हणजे कमी की जास्त, हेच मला ठाऊक नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि माझा जीव मराठीच्या तासात रमतो. रक्ताच्या आकड्यांशी तोवर माझा कधी संबंध आला नव्हता.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. "हे एकशे पस्तीसच्या आसपास तरी लागतं. तुमच्या आईच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. मेंदूत पाणी शिरतं, सूज येते, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. त्या जेवणात मीठ घेतात ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच अक्षरात माहेरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आईला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा तिसगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मावशी, वरून मीठ घेणं बंद करा." ताटात वाढून घेतलेलं मीठ, एवढाच त्यांचा अर्थ. मी घरी आले, लाल स्केचपेन घेतलं आणि छान गोलाकार अक्षरात कागदावर लिहिलं, 'मीठ बंद'. 'वरून' हा शब्द मी गाळला. मोठा कागद नव्हता म्हणा किंवा मला तो महत्त्वाचा वाटला नाही म्हणा. आई लेकीचं ऐकणारी. तिने त्या दिवसापासून भाकरीत, भाजीत, ताकात, कशातच मीठ घातलं नाही. दोन वर्षं ती अळणी जेवली आणि आम्ही शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत राहिलो.

हे मी लिहितेय ते माझ्यासारख्याच शहाण्या लेकी-सुनांसाठी. तुमच्या घरात म्हातारं माणूस बीपीच्या गोळीवर असेल, त्यातही लघवी वाढवणारी गोळी असेल, तर एकदा डॉक्टरांना सोडियमबद्दल विचारा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहून ठेवायचं असेल तर अख्खं लिहा.

सुरुवात आठ दिवस आधी झाली होती. एप्रिल संपत आला होता, पाथर्डीकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल. आईला जुलाब झाले. ऊन लागलं असं समजून आम्ही तिला तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजलं. त्याने उरलंसुरलं मीठही पातळ झालं, हे नंतर कळलं. मग ती अडखळायला लागली. उंबऱ्यापाशी उभी राहून आधी कुठला पाय टाकायचा याचा विचार करायची. एका संध्याकाळी तिने म्हशीला "शालन, सरक" अशी हाक मारली. शालन मी. माझा धाकटा भाऊ दत्ता झोपेपर्यंत हसत होता, मीही हसले. तो आजार होता आणि आम्ही त्याला विनोद समजलो.

सोमवारी ती उठलीच नाही. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. गाडी करून नगरला आणलं.

पहिले दोन दिवस अतिदक्षता विभागात गेले. तिथे मला वाटलं, मीठच कमी आहे ना, मग घाला की भराभर. डॉक्टरांनी मान हलवली. "एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. तीन टक्क्यांचं सलाईन आहे, म्हणजे नेहमीच्यापेक्षा खारट. ते थेंबाथेंबाने जाणार. दर सहा तासांनी रक्त तपासणार. घाई करायची नाही."

त्यामुळे आम्ही बाकावर बसून आकडे ऐकत राहिलो. एकशे अकरा. एकशे सोळा. एकशे अठरा. बुधवारी तिला साध्या वॉर्डात हलवलं, खिडकीजवळच्या खाटेवर. मला वाटलं आता जिंकलो.

पण खाटेवर जी उठून बसली ती माझी आई वाटत नव्हती. ती चादरीवरून काहीतरी वेचत होती, हरभऱ्याचा पाला निवडावा तसं. मान वर करून छताच्या एका कोपऱ्याकडे बघायची आणि तिकडे कुणी बोलत असल्यासारखी "व्हय, व्हय" म्हणायची. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमी कुनाकडं आलाय?"

डॉक्टर म्हणाले, "याला डेलिरियम म्हणतात. मोठ्या आजारात मेंदू काही दिवस गोंधळतो. हे वेड नाही, आणि बाहेरचंही काही नाही. बहुतेकांचं जातं. काहींचं पूर्ण जात नाही, तेही सांगून ठेवतो. रोज मी तीन प्रश्न विचारणार. ज्या दिवशी तिन्ही उत्तरं बरोबर येतील, त्या दिवशी मला सुट्टी द्यायला आनंद वाटेल."

ते तीन प्रश्न असे. नाव काय? आत्ता कुठे आहात? आज वार कोणता? मी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेत आले, पण कुणाच्या परीक्षेला इतकी घाबरून बसले नव्हते.

"आजी, तुमचं नाव काय?"

आईने डॉक्टरांकडे जरा नवलाने बघितलं. "नाव?" ती म्हणाली. "अजून ठिवलं न्हाई."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. ती ते चेष्टेने म्हणाली नव्हती. बारा दिवस व्हायचे आहेत, एवढ्या साध्या सुरात ती बोलली होती.

"बरं, कुठे आहात?" याला तिने उत्तर दिलं नाही. वार तिने बुधवार सांगितला. तो बरोबर होता. तीनपैकी एक.

आता पल्लवीचं सांगायला हवं. पल्लवी माझी लेक. सासर श्रीरामपूरला, पहिलं बाळंतपण, म्हणून माझ्याकडे तिसगावला आली होती. तारीख तीन आठवडे पुढची. आजीला बघायचंय म्हणून तिने हट्ट धरला आणि गुरुवारी दुपारी तिचे वडील तिला गाडीने घेऊन आले. मी रागावलेच. अशा दिवसांत दवाखान्यात कशाला यायचं? पण आजीने तिला लहानपणी सांभाळलं होतं, माझ्या शाळेच्या वेळेत. ती कुठली ऐकतेय.

आईने पल्लवीलाही ओळखलं नाही. मात्र तिच्या पोटाकडे बराच वेळ बघितलं. मग हात पुढे करून तळवा पोटावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "चल. मी बी निघाले."

मी पल्लवीला ओढूनच बाहेर नेलं. "डेलिरियम आहे," मी सांगितलं. एका दिवसात तो शब्द मला तोंडपाठ झाला होता आणि काहीही झालं की मी तो पांघरुणासारखा वर टाकत होते. जिन्याशी पोचलो तोच पल्लवी थांबली. पाणी गेलं होतं. त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर प्रसूती विभाग होता, म्हणून तिला घेऊन वर गेलो. खाली आई, वर लेक आणि मध्ये दोन जिने, असे माझे पुढचे दिवस गेले.

शुक्रवारी सकाळी नऊला मुलगी झाली. सव्वादोन किलो, तीन आठवडे लवकर आलेली, पण रडली मात्र खणखणीत. नर्सने तिच्या पायाला पट्टी बांधली आणि त्यावर लिहिलं, 'बेबी ऑफ पल्लवी'. मी विचारलं, "नाव नाही का लिहायचं?"

नर्स म्हणाली, "ठेवलंय कुठे अजून?"

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. मग मला रडू आलं. आनंदाचं होतं, दमल्याचं होतं, आणि थोडं भीतीचंही होतं.

तशीच रडत मी गावाकडे फोन लावला. दत्ता आदल्या सकाळीच, पल्लवी यायच्या आधी, म्हशींसाठी घरी गेला होता, आणि तिला दाखल केल्याचं गावी कळवायला मला सुचलंच नव्हतं. फोन उचलला नानीने. नानी म्हणजे माझी चुलती, चुलते गेल्यापासून त्याच घरात राहते. घरातली सगळी रीतभात तिच्या हातात, आणि कानाने जराशी जड.

मी म्हणाले, "नानी, सुटली. नऊ वाजता. जास्त त्रास झाला नाही तिला. दत्ताला सांगा..."

एवढ्यात फोन बंद पडला. चार्जिंग संपलं होतं.

चौथीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेते. क्रियापद सापडलं की त्याला विचारा, 'कोण?' जे उत्तर येईल तो कर्ता. कर्ता नसेल तर वाक्य लंगडं. तीच मी, कर्ता खाऊन बसले. आपल्याकडे बाई बाळंत झाली की ती सुटते, आणि माणूस दुखण्यातून गेला की तोही सुटतो. बाळंतपण तीन आठवडे लांब आहे हे नानीला माहीत होतं. आई चार दिवस दवाखान्यात आहे हेही माहीत होतं. त्यात मी रडत होते. नानीने काय समजायचं?

पण त्या वेळी माझ्या हे ध्यानीमनीही नव्हतं. मी फोन नर्सच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि कामाला लागले. पल्लवीला चहा दिला. बाळाला दूध ओढता येत नव्हतं, त्या खटपटीत तास गेला.

अकरा वाजता डॉक्टर खालच्या वॉर्डात फेरीला आले म्हणून मी धावत खाली गेले. आई उशीला टेकून बसली होती. चेहरा शांत. आकडा एकशे एकोणतीसवर आला होता.

"आजी, नाव काय तुमचं?"

"ठिवलं न्हाई म्हनलं की."

"आत्ता कुठे आहात?"

या प्रश्नाला ती पहिल्यांदाच उत्तर द्यायला लागली. "अंगनात," ती म्हणाली. "मला मदी बसवलंय. बाया रडत्यात. लई बाया आल्यात. नानी न्हाई रडत, ती भित्तीकडं तोंड करून बसलीय." मग भुवया आक्रसून तिने खिडकीबाहेर बघितलं. तिथे समोरच्या इमारतीची पांढरी भिंत होती, आणखी काही नव्हतं. "आन त्या शेळीला कुनीतरी हाका की. तुळस खातीया."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला धीर दिला. "आकडा सुधारला तरी मेंदू मागून येतो. थांबू या."

मी वर गेले. बाराला फोन हातात घेतला. तो सुरू झाला आणि थरथरायलाच लागला. एकामागून एक मेसेज. मी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोट ठेवलं.

आईचा फोटो होता. दत्ताच्या लग्नातला, हिरव्या लुगड्यातला. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन समया. 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. चंद्रभागा.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांगच रांग, आमच्या सरपंचांपासून किराणावाल्यापर्यंत.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. ही चूक आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला वाटलं, आई गेली. मी वर होते, ती खाली गेली, आणि माझ्याआधी गावाला कळलं. बाया रडत्यात असं ती म्हणाली तेव्हा ती निघालीच होती. मांडीवर बाळ होतं. त्याला पल्लवीजवळ ठेवलं आणि पळत सुटले. जिन्यात एक चप्पल राहिली.

खिडकीजवळच्या खाटेला पडदा लावलेला होता.

तो पडदा बाजूला करायला मला किती वेळ लागला कोण जाणे. हात वर गेला होता आणि पुढे सरकत नव्हता. आत कंगव्याचा आवाज येत होता. मी पडदा ओढला. आया आईचे केस विंचरत होती. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या एका अनवाणी पायाकडे बघितलं आणि विचारलं, "झालं का रडून तुमचं?"

अर्ध्या तासाने दत्ता आला. सोबत गावातली चार माणसं, खाली टेम्पो उभा. दत्ताच्या खांद्यावर उपरणं होतं आणि डोळे सुजले होते. खाली चौकशीच्या खिडकीवर त्याने म्हणे विचारलं, "आमच्या आईला न्यायचंय." खिडकीवरची बाई म्हणाली, "आज नाही, सोमवारी मिळेल." तो कळवळला, "सोमवारपर्यंत कसं ठिवायचं, ताई?" ती म्हणाली, "का? जेवतायत की व्यवस्थित."

वॉर्डाच्या दारात त्याला आई चहात बिस्कीट बुडवताना दिसली. तो दोन पावलं मागे सरकला. पोरसवदा भीती त्याच्या तोंडावर मी तीस वर्षांनी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, नानी म्हनली सुटली."

"पल्लवी सुटली," मी म्हणाले. "मुलगी झाली."

तो इतका मोठ्याने रडला की नर्स धावत आली. आई बिस्कीट खात त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती.

त्याच्याकडून कळलं ते एवढं. नानीने निरोप सांगितल्यावर अकराच्या एसटीच्या सुमाराला भावकीतल्या बाया अंगणात जमल्या होत्या. चूल विझवली होती. गोवऱ्या काढल्या होत्या. नानी रडली नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. आणि सगळ्यांनी आईच्या नावाने आंघोळ केली होती.

"आणि शेळी?" मी विचारलं.

"कसली शेळी?" तो म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं.

सोमवारी दोघींना एकदम सुट्टी मिळणार होती. आईचं सोडियम एकशे चौतीस झालं होतं. बाळाची कावीळ उतरली होती. बीपीची गोळी बदलली होती. जेवणात बेताचं मीठ घालायचं हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मी त्यांच्याकडूनच ते लिहून घेतलं.

तीन प्रश्नांपैकी दोन आईने सोडवले. "आज सोमवार. हे नगर." एक शिकाऊ डॉक्टरीण अडखळली, "अहिल्यानगर ना, सर?" डॉक्टर म्हणाले, "गावाचं नाव बदललेलं त्यांना आठवत नसेल तर तो आजार नाही. नगर चालेल." पण स्वतःच्या नावाला तेच उत्तर. ठिवलं न्हाई.

मी विचारलं, "हे असंच राहील का?"

ते म्हणाले, "घरची माणसं, घरचा आवाज, याने खूपदा परततं. पण मी शब्द देत नाही."

कागद तयार व्हायला चार तास लागले. डिस्चार्जची वाट बघण्यावर कुणी तरी वेगळं पुस्तक लिहायला हवं. खालच्या मजल्यावरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आई भिंतीला टेकून, तिच्या शेजारी पल्लवी, पल्लवीच्या मांडीवर बाळ. मध्येच माझं लक्ष गेलं. बाळ एकटक वर बघत होतं आणि आईही. दोघींची नजर छताच्या एकाच कोपऱ्यात. बाळाने जांभई दिली, पाठोपाठ आईने दिली. मी त्या कोपऱ्याकडे नीट बघितलं. बंद पंखा होता आणि जळमट.

खिडकीतून पुकारा झाला, "चंद्रभागा!" आई हलली नाही. मग झाला, "बेबी ऑफ पल्लवी!" आणि आई पदर सावरून उठून उभी राहिली.

तिचा हात धरून खाली बसवताना मला जे वाटलं ते कुणालाच वाटू नये. आई जिवंत आहे, पण मी घरी घेऊन जातेय ती कुणी दुसरीच, असं वाटलं.

दोन ठिकाणी दोघींना सांभाळणं शक्य नव्हतं. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून सगळ्यांना घेऊन माहेरीच गेले. नानी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण तिने आम्हाला आत येऊ दिलं नाही.

"बाई, थांबा तिथंच," ती आईला म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणते. मग माझ्याकडे वळली. "शालू, आमी हिच्या नावानं आंघूळ केली. चूल इझवली. आता हिला तशीच आत घेता येत न्हाई. जी गेली ती गेली. ही नवी आलीय म्हनूनच आत घ्यावी लागंल."

एरवी मी वाद घातला असता. अंधश्रद्धेवर मी दरवर्षी पोरांना निबंध सांगते. त्या दिवशी मात्र नानीचं म्हणणं मला डॉक्टरांच्या कागदापेक्षा जास्त पटलं. तसं दोघंही एकच सांगत होते, की ही अजून आधीची आई नाही. नानीने बाळ आईच्या ओटीत दिलं, दोघींवरून एकच भाकरतुकडा ओवाळला, आणि सुतकाचं घर सोयराचं झालं.

आत जाता जाता मी अंगणात वृंदावनाकडे बघितलं. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, शेंड्यांवर दातांच्या खुणा. नानी म्हणाली, "त्या दिसाच्या गडबडीत शेळी सुटली हुती. कुनाचं ध्यान न्हवतं." आई तुळशीकडे न बघता पुढे गेली.

हे कसं झालं, ते मला सांगता येणार नाही. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, योगायोग. असेल. शेळ्या सुटतात, तुळशी खातात, मयतीला बाया रडतात. मी स्वतःला हे पुष्कळदा समजावलं आहे आणि दर वेळी अर्ध्यावर थांबले आहे.

पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून आपल्याकडे कोरा कागद आणि पेन ठेवतात. नानीने दोन कागद ठेवले. सकाळी मी दोन्ही उलटसुलट तपासले. मास्तरीणच मी. दोन्ही कोरे होते.

त्या दिवसांत आई खायची, झोपायची, बाळाला मांडीवर घेऊन बसायची. पण हाक मारली तर वळायची नाही. स्वयंपाकघरातला तो लाल कागद मी फाडला आणि नवा लावला: 'आईच्या जेवणात रोज बेताचं मीठ घालायचं. ताटात वरून घ्यायचं नाही.' फार मोठं झालं, पण राहू दिलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याखालून बाळाला या हातातून त्या हातात दिलं. पल्लवीच्या नणंदेने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, गार्गी. बाया घुगऱ्या घ्यायला उठायच्या बेतात होत्या. नानी म्हणाली, "बसा. एक राहिलंय."

आई पाळण्याची दोरी धरून बसली होती. नानीने मला पुढे ढकललं. "हिच्या आत्या कवाच गेल्या. तू सांग कानात. पुरं सांग, अर्धं नको."

मी आईचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलं होतं, शिधापत्रिकेवर वाचलं होतं. पण आईला नावाने हाक कोण मारतं? माझ्या जिभेला ते नाव माहीतच नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकले. खोबरेल तेलाचा वास आला. आणि मला फार भीती वाटली की आता हेही चाललं नाही तर पुढे काही उरणार नाही.

"कुर्रर्र," मी म्हणाले. मग अख्खं वाक्य म्हणाले. "आई, तुझं नाव चंद्रभागा आहे."

तिने दोरी सोडली, कान चोळला आणि माझ्याकडे वळली.

"शालन," ती म्हणाली, "आरडती कशापायी? हितंच हाय की मी."

नानी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आईने एकेकीकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, उघड्या दारातून अंगणात बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आन ती तुळस कुनी खाल्ली गं?"

मला वाटलं होतं, तिला माहीत आहे. तिनेच तर आम्हाला सांगितलं होतं. पण तिच्या डोळ्यांत खरोखरचा प्रश्न होता. मी कर्ता, कर्म, क्रियापद नीट जुळवून उत्तर दिलं.

"आई, शेळीने तुळस खाल्ली."

"मग हाकायची न्हाई का कुनी तिला?" आई म्हणाली.